खाण्याशी भांडण आणि हातातला फोन

मैत्रिणींनो, ताटावरून उठणे, रुसणे, ‘मला नको’ म्हणणे हे आपल्या घरांत काही नवे नाही. मुलीने ताट सरकवले की आपण नखरे म्हणतो. सून उपास फार करते म्हणून चारचौघींत कौतुक करतो. आणि हळदीकुंकवाला भेटलेली शेजारीण तीन महिन्यांत एकदम बारीक दिसली, की ‘काय केलंस ग, आम्हालाही सांग की!’ म्हणून तिच्या मागे लागतो. या तिघींपैकी एखादी आजारी असेल, अशी शंका आपल्याला शिवतही नाही.

खाण्याचे विकार हे श्रीमंतांच्या मुलींचे, मुंबईतल्या नट्यांचे किंवा साहेबांच्या देशातले दुखणे, असा आपला समज आहे. अलिबाग-मुरूडकडे, जिथे सकाळी दारात कोळीण टोपली उतरवते आणि घरोघर वालाचे बिरडे शिजते, तिथे कोण कशाला उपाशी राहील? पण राहतात. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे आठवी-नववीच्या मुली मधल्या सुट्टीत डबा कसा उघडतात आणि कसा न उघडताच परत नेतात, हे रोज डोळ्यांसमोर असते. डबा न खाणारी प्रत्येक मुलगी आजारी नसते, हेही खरे. म्हणून आधी आजार कशाला म्हणायचे ते पाहू.

डॉक्टरमंडळी यात मुख्यतः तीन प्रकार सांगतात. पहिला अॅनोरेक्सिया नर्व्होसा. यात मुलगी खाणे इतके कमी करते की वजन धोक्याच्या खाली जाते, आणि तरीही तिला आपण जाडच वाटतो. १८७३ साली लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याची वर्णने वैद्यकापुढे मांडली. मनाच्या आजारांमध्ये ज्यांत जीव जाण्याचे प्रमाण फार मोठे आहे, त्यांत याचा नंबर वरचा लागतो. दुसरा प्रकार बुलिमिया. लंडनच्याच जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली त्याला हे नाव दिले. यात अधाशासारखे खाण्याचा झटका येतो, आणि मग घाबरून घशात बोटे घालून उलटी काढणे, रेचके घेणे, दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास करणे असे चक्र सुरू होते. वजन बहुधा नेहमीसारखेच असते, म्हणून हा आजार वर्षानुवर्षे घरात कुणाला दिसत नाही. तिसऱ्या प्रकारात खाण्याचे झटके असतात, पण उलट्या वगैरे नसतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या ग्रंथात त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली.

हा तिसरा प्रकार आपल्यापैकी काही जणींनी नीट वाचावा. सगळ्यांची जेवणे झाल्यावर ओट्याशी उभे राहून उरलेला भात आणि आमटी संपवणे हा आजार नव्हे, तो आपला पिढीजात स्वभाव आहे! पण रात्री घर झोपल्यावर डबेच्या डबे काढून, पोट दुखेपर्यंत, चवही न घेता खात सुटणे, ‘आता हात थांबत नाही’ असे वाटणे आणि नंतर स्वतःची किळस येणे, हे आठवड्यातून एकदा तरी आणि असे सलग तीन महिने चालले असेल, तर डॉक्टरांना सांगण्यासारखी ती गोष्ट आहे. त्यात लाज कसली?

आपल्याकडे या आजारांना लपायला एक सोयीची जागा आहे, ती म्हणजे उपास. संकष्टी, श्रावणी सोमवार, हरितालिका, नवरात्राचे नऊ दिवस, मार्गशीर्षातले गुरुवार. उपासाला माझा मुळीच विरोध नाही, मीही करते. पण उपास करणारीला पारण्याची ओढ असते. दुसऱ्या दिवशी गरम वरणभाताचा पहिला घास ती आनंदाने घेते. आजारी मुलीला पारणे नको असते. ती एका उपासाला दुसरा जोडते, देवाचे नाव पुढे करते आणि साबुदाण्याची खिचडीही ‘तेलकट’ म्हणून बाजूला सारते. १९९५ साली दिल्लीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी अशा पाच तरुणींची हकिगत प्रसिद्ध केली होती. त्या खायला नकार देत होत्या, पण ‘मला जाड व्हायचं नाही’ असे पाश्चात्त्य मुलींसारखे म्हणत नव्हत्या. तेव्हा आपल्या मुलीने बारीक होण्याची भाषा केली नाही, म्हणून निश्चिंत राहू नका. पोट भरलंय, मळमळतं, भूक मेली, अशीही कारणे ऐकू येतात.

उपासमारीने मन बदलते

‘दोन धपाटे घातले की खाईल’ असे म्हणणाऱ्या आजींना एक हकिगत आवर्जून सांगावी. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी छत्तीस धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात लढायला नकार देणारे हे तरुण स्वतःहून पुढे आले होते. सहा महिने त्यांना निम्म्याच्या आसपास अन्न दिले आणि त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले. तोवर हे चांगले हसतेखेळते तरुण चिडके, उदास आणि एकलकोंडे झाले. दिवसभर खाण्याचाच विचार, पाककृतींची पुस्तके वाचत बसणे, घासाचे बारीक तुकडे करून तासन्तास चघळणे. त्यांच्यापैकी कुणाला मुळात हा आजार नव्हता! नुसत्या उपासमारीने मन असे फिरते. म्हणून वजन उतरलेल्या मुलीला समजावणे, रागावणे आणि शपथा घालणे सगळे वाया जाते. आधी पोटात अन्न जावे लागते, तेव्हा डोके ऐकू लागते.

आता फोनकडे वळू. माझ्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट आहे. नावगाव सांगत नाही, चौलपासून फार लांब नाही एवढेच. मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. घरात बिस्किटांचे पुडे नाहीसे होत, जेवणानंतर न्हाणीघरात नळ बराच वेळ चालू राही, आणि तिचे डोळे सुजलेले दिसत. आईला संशय आला तो प्रेमप्रकरणाचा! खरा प्रकार ओळखला दातांच्या डॉक्टरांनी. पुढच्या दातांची आतली बाजू आम्लाने झिजलेली पाहून त्यांनी मुलीला एकटीला बसवून हळूच विचारले, आणि ती रडू लागली. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी वर्षभर टॉनिक आणि लोहाच्या गोळ्या चालू होत्या. वडिलांचे म्हणणे, ‘समुद्राकाठची पोर, चार दिवस ताजं म्हावरं खाल्लं की होईल सरळ.’

मुंबईच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचे ठरले. आता आपल्याकडून मुंबईला जाणे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात मांडव्याच्या नेहमीच्या लाँचा बंद, मग एस. टी. ने वडखळ-पेणवरून जायचे. दिवस मोडतो, वडिलांचा खाडा होतो. दर आठवड्याला ते जमणारे नव्हते. तेव्हा डॉक्टरांनी महिन्यातून दोनदा बोलावले, रक्त तपासले, हृदयाचा आलेख काढला, फ्लुओक्सेटिन नावाचे औषध सुरू केले, आणि मधल्या दिवसांसाठी फोनवरून करायचा एक अभ्यासक्रम दिला. पाठ वाचायचे, रोज नोंदी भरायच्या आणि आठवड्यातून एकदा वीस मिनिटे त्यांच्याकडच्या ताईंशी फोनवर बोलायचे.

हे काही त्या डॉक्टरांनी मनाने काढलेले खूळ नव्हे. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी या विकारांवरची विचार-वर्तन उपचारपद्धती बसवली आणि १९९५ मध्ये रुग्णाला स्वतः वापरता येईल असे पुस्तक लिहिले. तीच पद्धत पुढे संगणकावर आणि फोनवर आली. ब्रिटनच्या सरकारी वैद्यकीय मार्गदर्शनात, २०१७ पासून, मोठ्या माणसांच्या बुलिमियावर आणि खाण्याच्या झटक्यांवर पहिली पायरी म्हणून हीच ‘सोबतीने करायची स्वमदत’ सांगितली आहे. सोळा आठवड्यांत साधारण चार ते नऊ छोट्या भेटी. चार आठवड्यांत काहीच फरक दिसला नाही, तर पुढच्या, समोर बसून करायच्या उपचाराकडे जायचे. यातला ‘सोबतीने’ हा शब्द महत्त्वाचा. नुसता अभ्यासक्रम हाती दिला तर बहुतेक जणी तिसऱ्या पाठातच सोडतात. अहो, शिवणकामाच्या वर्गाचेसुद्धा तेच होते! कुणीतरी विचारणारे लागते.

वही आणि घड्याळ

त्या अभ्यासक्रमात असते तरी काय? मला ते तपशिलाने माहीत झाले, कारण पाठ इंग्रजीत होते, आईला इंग्रजी वाचता येत नव्हते आणि मुलीने ‘काकू, तुम्ही आईला समजावून सांगा’ म्हणून मला बसवले. ऐकून तुम्हाला नवल वाटेल इतके ते साधे आहे. पहिले काम नोंद करण्याचे. काय खाल्ले, किती वाजता, कुठे बसून, झटका होता का, उलटी केली का, आणि त्या वेळी मनात काय चालले होते. कॅलरी मोजायच्या नाहीत. नोंद लगेच करायची, रात्री आठवून नाही.

दुसरे काम घड्याळाचे. दिवसातून तीन जेवणे आणि दोन-तीन मधली खाणी, आणि दोहोंच्या मध्ये चार तासांहून जास्त अंतर पडू द्यायचे नाही. भूक असो वा नसो. इथे आईला पटेना. ‘आधीच ती पुडेच्या पुडे खाते आणि तुम्ही आणखी द्या म्हणता?’ पण खोच इथेच आहे. दिवसभर उपाशी राहिले की संध्याकाळी झटका येतो, झटका आला की उलटी, उलटीची भरपाई म्हणून पुन्हा उपास. हे चक्र उपासाच्या ठिकाणीच तुटते. बऱ्याच जणींना काही आठवडे नियमित खाल्ल्यावर झटके कमी झालेले दिसतात, आणि वजन वाढेल ही भीतीही बहुधा खोटी ठरते.

पाठातली खाणी मात्र साहेबांची होती, टोस्ट, सिरियल, सॅलड. ती आम्ही बदलली. सकाळी आठला पोहे किंवा घावन, अकराला केळे, एकला भात, आमटी आणि तळलेला मासा, साडेचारला चहाबरोबर चिवडा किंवा शेंगदाण्याचा लाडू, साडेआठला तांदळाची भाकरी आणि भाजी. मुलीने कागदावर लिहून ते फ्रिजवर लावले. वडील आधी हसले. मग अकरा वाजता केळे पुढे करण्याचे काम त्यांनीच अंगावर घेतले.

झटका येईलसे वाटले तर काय करायचे, याची एक यादी आधीच करून ठेवायची असते. लाट जशी येते तशी ओसरतेही, तेवढा वेळ कशात तरी हात गुंतवायचे. तिने लिहिले होते, मैत्रिणीला फोन, अंगणात पाणी घालणे, आजीचे केस विंचरणे. वजन आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी. घरातला वजनकाटा आईने लॉफ्टवर टाकला तो बरेच दिवस तिथेच होता. पाच महिन्यांत झटके रोजचे दोन होते ते पंधरवड्यात एखाद्यावर आले. औषध अजून आहे आणि दात आता परत यायचे नाहीत.

दातांवरून आठवले. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये. आम्लाने मऊ झालेला थर ब्रशने आणखी खरवडला जातो. साध्या पाण्याने किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरावी आणि ब्रश तासाभराने करावा. रेचकांबद्दलही एक गोष्ट मुलींना ठाऊक नसते. त्याने जाते ते पाणी आणि क्षार, खाल्लेले अन्न बहुतेक आधीच अंगी लागलेले असते.

फोन ज्याच्या त्याच्या हाती

पण मैत्रिणींनो, याच फोनवर दुसरे जगही आहे. वीस-पंचवीस वर्षांपासून इंटरनेटवर असे अड्डे आहेत, जिथे मुली एकमेकींना न खाण्याच्या युक्त्या शिकवतात आणि हाडे दिसणाऱ्या छायाचित्रांचे कौतुक करतात. नाव बदलते, प्रकार तोच. त्याखेरीज लग्नाआधी पंधरा दिवसांत दहा किलो, असे सांगणारे व्हिडिओ तर आपल्या सगळ्यांच्याच फोनवर न मागता येतात. एकदा पाहिले की फोन तसेच आणखी दहा पुढे करतो. या मुलीनेही उलटीची युक्ती तिथेच पाहिली होती.

आणि मोठे नाव पाहून विश्वास टाकावा, असेही नाही. अमेरिकेत या विकारांसाठी काम करणारी नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन ही मोठी संस्था आहे. वीसहून अधिक वर्षे चाललेली तिची मदतीची फोनसेवा २०२३ मध्ये बंद करायचे ठरले, आणि लोकांपुढे ‘टेसा’ नावाचा, यंत्राने उत्तरे देणारा कार्यक्रम राहिला. त्या टेसाने मदत मागणाऱ्या बाईला कॅलरी कमी करायचा आणि दर आठवड्याला वजन करायचा सल्ला दिला! बोभाटा झाला आणि मेच्या अखेरीस टेसाला काढून टाकावे लागले. आज मुली अशाच बोलक्या यंत्रांना रात्री-अपरात्री काहीबाही विचारत असतात, म्हणून हे लिहिले. माझी कसोटी सोपी आहे. जे वजनाचा आकडा आणि कॅलरी पुढे आणते, औषध बंद करायला सांगते किंवा ‘डॉक्टरांची गरज नाही’ म्हणते, ते बंद करावे.

मराठीत या विकारांपुरता संपूर्ण अभ्यासक्रम माझ्या पाहण्यात नाही, ही उणीव आहे. मनाच्या आरोग्याविषयी सर्वसाधारण, सुबोध बोलणे मात्र मिळते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थचे ‘आवाहन’ या नावाने मराठी व्हिडिओ आहेत, ते आईवडिलांनी ऐकण्यासारखे आहेत. दुरून शिकण्याचे आपल्याला वावडे नाहीच. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून त्यांची विवेकनिष्ठ पद्धत इकडे आणली, ती पोस्टाच्या पाकिटांतूनच की!

जिथे फोन पुरत नाही

अॅनोरेक्सियात नुसत्या स्वमदतीवर मुळीच विसंबू नये. उपाशी मेंदूला पाठ वाचून वळण लागत नाही. शाळकरी मुलींसाठी आज जी पद्धत मान्य आहे, तीत डॉक्टरांच्या देखरेखीखाली आईबाप काही काळ खाण्याचा ताबा आपल्याकडे घेतात, प्रत्येक जेवणाला शेजारी बसतात आणि मुलगी सावरली की तो हळूहळू तिला परत देतात. फार दिवस उपाशी असलेल्या मुलीला घरच्या घरी एकदम भरमसाट खाऊ घालू नका. रक्तातले फॉस्फेट झपाट्याने उतरून जिवावर बेतू शकते. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड, उलटीत रक्त, पाणीही नाकारणे, मरणाची भाषा, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम उतरते आणि हृदयाचा ठोका बिघडतो, बाहेरून मुलगी ठणठणीत दिसत असतानाही.

घरच्यांसाठीही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. लंडनच्या जॅनेट ट्रेझर यांनी घरच्या माणसांच्या तऱ्हा प्राण्यांच्या नावांनी सांगितल्या आहेत. मुलीला पिशवीत घालून जपणारी कांगारू, वाद घालत अंगावर जाणारा गेंडा, वाळूत मान खुपसणारा शहामृग, रडून विरघळणारी जेलीफिश. त्यांच्या मते घरच्यांनी डॉल्फिनसारखे व्हावे, कधी पुढे, कधी बाजूने, कधी थोडे मागे राहून पोहणारे. वाचताना आपल्या घरात कोण कोण आहे ते लगेच ओळखू येते. आमच्या ओळखीच्या त्या घरात गेंडा कोण, हे सांगायला नकोच, पण केळे द्यायला लागल्यापासून त्यांचे शिंग बरेच बोथट झाले.

सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न तुम्ही विचारालच. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, फुकट, आणि मराठीत बोलता येते. नाव सांगायलाच हवे असे नाही. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. तिथे मानसिक आजारांविषयी चौकशी करावी, आणि वजन उतरण्याचे दुसरे कारण, क्षय, थायरॉइड, मधुमेह, नाही ना, हेही तपासून घ्यावे. मधुमेहाचे इंजेक्शन घेणारी मुलगी बारीक होण्यासाठी ते चुकवत असेल, तर तो फारच मोठा धोका आहे. आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे शरीराच्या आजारांसारखेच मनाच्या आजारांनाही विम्याचे संरक्षण द्यावे लागते. कंपनीचा माणूस नाही म्हणाला तर तसे लेखी मागावे.

डॉक्टरांकडे जाताना दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींची वही, पाळी शेवटची कधी आली ती तारीख आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची, चूर्णांचीसुद्धा, नावे बरोबर ठेवा. मुलीला डॉक्टरांशी थोडा वेळ एकटीला बोलू द्या, दाराशी कान लावू नका. आणि डबा न्या. सकाळी सहाच्या एस. टी. ने निघालेली मुलगी दुपारी दोनपर्यंत उपाशी राहिली, तर परतीच्या प्रवासात पेणच्या स्टँडवर काय होईल, ते तिची वहीच तुम्हाला आधी सांगेल. दोन घावने, चटणी आणि एक केळे पुरे. तुम्हीही तिच्याबरोबर खा.